टाळीबाईंची शिकाऊ गाडी

आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायला त्यांचा एक फोटो हवा होता. मी आणि माझा नवरा कपाटातले चारही अल्बम काढून जमिनीवर बसलो. त्र्याहत्तर वर्षांचं आयुष्य, शेकड्यांनी फोटो, पण सरळ चेहऱ्याचा एक सापडेल तर शपथ. लग्नाच्या फोटोत डोळे तिरळे केलेले. मुलाच्या शाळेच्या समारंभात मागच्या रांगेत उभं राहून मुख्याध्यापकांच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं. पासपोर्टवरच्या फोटोत तेवढ्या गंभीर होत्या, पण त्यात त्या ओळखूच येत नव्हत्या. शेवटी एक डोळा मिटून, तोंड उघडं टाकून खदखदून हसतानाचा फोटो पाठवला. तासाभराने वर्तमानपत्रातल्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, फोटो हाच ना? नाही, निधनवार्तेत टाकायचाय म्हणून विचारतोय."

"हाच," मी म्हटलं.

त्या माझ्या सासूबाई. पण सासू होण्याच्या आधी त्या माझ्या मास्तरीणबाई होत्या. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि शहराबाहेरच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर मला नोकरी लागली होती. सकाळी सहाची पाळी. त्या वेळेला तिकडे बस जात नसे, म्हणून गाडी शिकणं भाग होतं. चौकातल्या चपलांच्या दुकानाच्या वर एका खोलीत ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा उन्हाने पिवळा पडलेला तक्ता. खाली डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी छोटी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून, पेपरमिंट चघळत या बाई बसलेल्या.

"गाडीशी काही भांडण आहे का तुझं?" पहिल्याच वळणावर त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग स्टिअरिंगचा गळा का आवळतेस?"

मी बोटं जरा सैल केली. मग त्यांनी एक किस्सा सांगायला घेतला. "एक गृहस्थ आले माझ्याकडे. म्हणाले, बाई, मला रिव्हर्स शिकवू नका, मी आयुष्यात कधी मागे वळून बघत नाही. म्हटलं, असं होय, मग तुमच्या मागच्या भिंतीला तरी विचारून घ्या." एवढं बोलून त्यांनी तळवा पुढे केला. "दे टाळी."

मी दिली. त्याच क्षणी त्यांनी त्यांचा ब्रेक दाबला आणि माझं नाक काचेला टेकता टेकता राहिलं.

"आजचा धडा संपला," त्या म्हणाल्या. "गाडी चालवताना देवाने जरी हात पुढे केला तरी टाळी द्यायची नाही."

प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला त्या असंच फसवायच्या. त्यामुळे अख्खं गाव त्यांना टाळीबाई म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त लायसनवर होतं.

माझी गाडी अडायची ती चढावर. पाण्याच्या टाकीमागे एक चढ होता. तिथे गाडी थांबवून परत सोडायची म्हटलं की मी मागे घसरायचे. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मागच्या सीटवर वजन नाही ना, म्हणून असं होतं. उद्या वजन आणते." दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर चष्मा लावलेला, मांडीवर पुस्तक घेतलेला एक तरुण बसला होता. तो त्यांचा मुलगा. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याच्या शेवटी मीच न राहवून विचारलं, "तुम्हाला कचेरीतून रोज कसं सोडतात?"

"आई म्हणाली, गाडीला वजन लागतं," तो पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला. "माझ्यापेक्षा सिमेंटची गोणी बरी पडली असती. पण तिच्यापुढे बोलायची सोय नाही."

मला हसू आवरेना. गाडी बंद पडून मागे घसरली ती थेट टाकीच्या कुंपणापर्यंत. आईंनी ब्रेक लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "चला, वजन बोललं एकदाचं."

परीक्षा पास झाले त्या दिवशी लायसन माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "हे घे. आणि वजनाचं काय करायचं ते तू ठरव. घेतलंस तर परत घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे." सहा महिन्यांनी मी त्या घरात सून म्हणून गेले.

त्यांचे वडील पावाची गाडी चालवायचे. लहानपणी त्या शाळेआधी त्यांच्या शेजारी बसून फेरीला जायच्या आणि पावाच्या लाद्या दुकानदारांच्या हातात द्यायच्या. मोठ्या झाल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टायपिस्ट म्हणून लागल्या. वर्षभरात तिथल्या शिक्षकाच्या पाठीत उसण भरली आणि तो आडवा झाला तो झालाच. मालक कपाळाला हात लावून बसले. या म्हणाल्या, "मी शिकवते."

"तुला येतं का?"

"वडिलांच्या शेजारी बसून दहा वर्षं ब्रेक दाबलाय. फक्त माझ्या बाजूला ब्रेक नव्हता एवढंच."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक झुपकेदार मिशांचे गृहस्थ. बाईमाणूस शिकवणार असेल तर मी येत नाही, म्हणाले. "हरकत नाही," आई म्हणाल्या. "चालत जा. मात्र फुटपाथवरून जा, रस्त्यावर मी आहे." गृहस्थ मुकाट्याने गाडीत बसले. पुढे त्यांच्या तिन्ही मुली आईंकडेच शिकल्या.

अडतीस वर्षांत एकही माणूस आपल्याकडून गाडी न शिकता गेला नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. लगेच पुढे जोडायच्या, "एक सोडून. त्याच्याशी मी लग्न केलं."

तो एक म्हणजे माझे सासरे, नाना. नाना कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप घ्यायचे आणि कवळी घडवायचे नाना, घरातल्या मागच्या खोलीत, मेण आणि प्लास्टर घेऊन. हाताने इतके नाजूक की बोलायची सोय नाही, पण रस्त्यावर आले की त्यांचा पार गोंधळ. कबुतर दिसलं की थांबायचे. चौकात समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवून "आधी तुम्ही" करायचे, मागे रांग लागायची. चार वेळा परीक्षा दिली. चौथ्या वेळी परीक्षक आईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी यांना नापास तरी कसं करू, हे अजून निघालेलेच नाहीत."

त्या दिवशी परत येताना नाना म्हणाले, "मला गाडी जमणार नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग चार महिने कशाला येत राहिलात?"

नानांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघतच म्हणाले, "तुम्ही हसता तेव्हा तुमचा वरचा डावा सुळा जरा पुढे येतो. मला अजून तसा दात बनवता आलेला नाही."

आई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "लोकांच्या बायकांना चंद्र-तारे मिळतात, मला सुळा मिळाला." नाना कानापर्यंत लाल व्हायचे आणि मागच्या खोलीत निघून जायचे.

त्या मागच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे. मुलगा जेवायला नखरे करायचा तेव्हा आई दोन जबडे हातात घेऊन त्यांचं भांडण लावायच्या. एक जबडा म्हातारा, एक म्हातारी. म्हातारीचा आवाज त्या स्वतःच्या सासूचा काढायच्या, असं नाना सांगतात. एकदा तर मुलाच्या डब्यात पोळीच्या घडीखाली त्यांनी एक जबडा ठेवून दिला. वर्गात किंकाळ्या. वर्गशिक्षकांनी आईंना बोलावून घेतलं. ते तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी विचारलं, "काय सर, रिव्हर्स सुधारलं का?" सर त्यांच्याचकडे शिकले होते. तक्रार तिथेच राहिली.

त्यांचं सगळंच मला आवडायचं असं नाही. स्वयंपाकात त्यांचं लक्ष कधीच नव्हतं, मीठ दोनदा पडायचं नाहीतर विसरायचं. पत्ते खेळताना सर्रास लबाडी करायच्या, आणि पकडल्या गेल्या तर वर आपल्यालाच म्हणायच्या, "इतका वेळ लागला होय पकडायला?" पण मला खरी टोचायची ती दुसरीच गोष्ट. दुःख समोर आलं की त्यांना कुठे बघावं कळायचं नाही, त्या पटकन गंमत करून मोकळ्या व्हायच्या. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. मी इस्पितळात पडले होते, आई आल्या, खुर्ची ओढली आणि कुठल्याशा परीक्षकाचा किस्सा सुरू केला. मी म्हटलं, "आई, तुम्ही जा इथून." जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी तसं बोलले. त्या उठल्या आणि गेल्या. दोन तासांनी परत आल्या. त्या वेळात त्या खाली गाडीत नुसत्या बसून होत्या, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. आत येऊन त्या काही बोलल्या नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी बसल्या, माझे पाय मांडीवर घेतले आणि संध्याकाळ होईपर्यंत चोळत राहिल्या. पुढे आम्ही दोघींनीही तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्या मला सासू वाटेनाशा झाल्या.

दोन वर्षांनी माझी मुलगी झाली आणि आईंना हक्काची जोडीदार मिळाली. आजी आणि नात मिळून काय करायच्या ते विचारू नका. घरात शिट्टी वाजवून वाहतूक नियंत्रण चालायचं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना मला इंडिकेटर म्हणून हात दाखवावा लागायचा, नाहीतर दंड म्हणून गाणं म्हणायचं. नाना पकडले गेले की गाण्याऐवजी बाजाराची यादी वाचून दाखवायचे, तीही चालीत.

आई अडुसष्ट वर्षांच्या झाल्या त्या वर्षी, एका सकाळी त्यांच्या हातातून कप निसटला. त्या वाकून तुकडे उचलायला गेल्या आणि तशाच बसल्या. उजवी बाजू लुळी पडली होती. इस्पितळात शुद्ध होती, आमच्याकडे बघून त्या काहीतरी सांगत होत्या. डोळ्यांवरून कळत होतं की विनोद आहे. पण जीभ वळत नव्हती, शब्द लागत नव्हते. त्यांचा विनोद कुणाला कळलाच नाही असं पहिल्यांदाच घडलं.

चार-सहा महिन्यांत बोलणं बरंचसं परत आलं. उजवा पाय मात्र ओढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, आता गाडी विसरा. स्कूल त्यांनी हाताखालच्या शिक्षिकेच्या स्वाधीन केलं आणि घरी येऊन खिडकीपाशी बसल्या. रस्त्यावरची एखादी गाडी चुकली की पुटपुटायच्या, "अरे, वळतोयस तर सांग ना." बाकी गप्प. मी पाळीवर असायचे, म्हणून दर गुरुवारी व्यायामासाठी त्यांना टॅक्सीने इस्पितळात न्यावं लागायचं. टॅक्सीत त्या शेजारच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबत बसायच्या, आणि घरी आल्या की दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

असे आठ महिने गेले. एके दिवशी सकाळी चहा पिताना नाना कप खाली ठेवून म्हणाले, "मी गाडी शिकतो."

नाना तेव्हा बहात्तर वर्षांचे. आई आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. डोळ्यातून पाणी, हात पोटावर. आठ महिन्यांत आम्ही ते हसणं ऐकलं नव्हतं, त्यामुळे आम्हीही हसत सुटलो. नाना तेवढे हसले नाहीत.

"झालं हसून?" त्यांनी विचारलं. "तू शिकवणार का दुसरीकडे जाऊ?"

"अहो, दुसरीकडे कुठे जाता, माझं नाव घालवाल," आई म्हणाल्या. आणि स्वतःच उठून चपला शोधू लागल्या.

स्कूलवाल्या बाईंनी रविवारपुरती जुनी शिकाऊ गाडी दिली. बंद पडलेल्या गिरणीमागे मोठं मैदान होतं, तिथे धडे सुरू झाले. आईंचा डावा पाय शाबूत होता, तो त्यांनी आपल्या ब्रेकवर ठेवला. मागच्या सीटवर माझी मुलगी, आजोबांच्या चुका वहीत टिपायला. पहिले दोन रविवार वही भरली. गाडी उड्या मारायची आणि बंद पडायची. क्लच सोडताना नानांचा पाय झटक्यात वर यायचा. आईंनी जुन्या सगळ्या युक्त्या वापरून बघितल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी नानांच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, प्लास्टरच्या साच्यातून कवळी कशी काढता तुम्ही?"

"हळूच. एका बाजूने सैल करायची, ती सुटतेय असं बोटाला कळलं की थांबायचं, आणि मग उचलायची. घाई केली तर तडा जातो."

"मग क्लच म्हणजे दुसरं काय आहे?"

नानांनी पायाकडे बघितलं. पाय हळूहळू वर आला, थांबला, आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. पूर्ण मैदानाला एक फेरी झाली.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" नाना म्हणाले.

"तेव्हा मला तुमचं काम कुठे माहीत होतं."

पुढच्याच फेरीत आईंनी सवयीने तळवा पुढे केला. माझी मुलगी सांगते, नानांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "घरी गेल्यावर," ते म्हणाले, आणि वळण घेतलं.

परीक्षेला पाचव्यांदा गेले तेव्हा परीक्षक एक तरुण मुलगी होती. चौकात नानांनी तीन गाड्यांना आणि एका हातगाडीला "आधी तुम्ही" केलं. तरी तिने पास केलं. शेरा वाचून आई हसून हसून बेजार झाल्या. तिने लिहिलं होतं, 'सभ्यता गरजेपेक्षा जास्त, धोका नाही.'

त्यानंतरची चार वर्षं दर गुरुवारी मी नव्याने सुरू झालेल्या पहाटेच्या बसने कामाला जायचे आणि दोघं जण घरच्या गाडीने निघायचे. आधी इस्पितळ, तिथला व्यायाम, मग माझ्या खिडकीवर येऊन औषधं आणि रांगेतल्या लोकांसमोर मला थोडं छळणं. आई मोठ्याने विचारायच्या, "बाई, नवऱ्याचा वेग वाढवायला काही गोळी आहे का?" तिथून दोघं तलावाच्या रस्त्याला लागायचे. नानांचा वेग तीस. मागचे हॉर्न वाजवायचे आणि आई खिडकीतून हात बाहेर काढून राणीसारखा हलवायच्या. तलावाशी गाडी उभी करून आतच बसून उकडलेली अंडी आणि टोस्ट खायचे. सीटवर इतके तुकडे पडलेले असत की गाडी झाडणं हे माझ्या मुलीचं शुक्रवारचं काम होऊन बसलं.

एका रविवारी दुपारी आई आणि माझी मुलगी पत्ते खेळत होत्या. आई जोरात होत्या, "यावेळी तुझं काही खरं नाही" असं दोन-तीनदा म्हणाल्या. मग पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले. "जरा डोळे मिटते गं. माझे पत्ते बघू नकोस." मुलगी शहाण्यासारखी थांबून राहिली. वीस मिनिटांनी तिने हाक मारली तेव्हा आई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. संध्याकाळी मुलीने ते पत्ते उलटून बघितले. एकही धड पान नव्हतं. ती रडत होती, आणि रडता रडता तिला हसू आलं.

त्यांना न्यायला जी गाडी आली तिचा चालक त्यांचाच विद्यार्थी निघाला. मागे बसचालक, अग्निशमन दलातला एक जण, दातांचे दोन डॉक्टर, ते वर्गशिक्षक, मिशीवाल्यांच्या तिन्ही मुली, आणि मी मोजले नाहीत असे कितीतरी. प्रत्येकाने पुढच्या गाडीपासून नेमकं अंतर ठेवलेलं, प्रत्येक वळणावर वेळेत इंडिकेटर. चौकातला पोलीस बघतच राहिला. माझा नवरा हळूच म्हणाला, "आईने एकाला तरी हॉर्न वाजवायला लावला असता."

तीन आठवडे नाना घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या गुरुवारी मी खिडकीवर होते, रांगेत बघते तर नाना उभे. हातात औषधांची चिठ्ठी.

"एकटेच आलात?"

"हो. गाडी जरा वाकडी लागली आहे. पहारेकरी रागावलाय."

माझी पाळी संपतच आली होती. मी त्यांच्याबरोबर बाहेर आले. गाडी दोन जागा अडवून तिरकी उभी होती. मी आपसूक चालकाच्या दाराकडे गेले, तर नाना म्हणाले, "तिकडून बस. मी सोडतो तुला."

रस्त्यात नाना समोर बघतच म्हणाले, "घरात तुम्ही सगळे असता. रडायचं झालं तर मी खाली येऊन गाडीत बसतो. तुला सांगून ठेवतो, म्हणजे शोधायला नको."

"बरं," मी म्हटलं.

चौकात त्यांनी गाडी थांबवली. डावीकडून एक सायकलवाला येत होता, अजून बराच लांब. नानांनी त्याला हात दाखवला. हात कशासाठी ते न कळून तोही थांबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मागे चार गाड्या लागल्या. मी घड्याळ बघितलं, आणि सीटला टेकून बसले.